गिटार आणि मिडी: ठाण्यातल्या शिकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात, नौपाड्यात गिटार शिकवते. क्लासला येणारी मुलं, त्यांचे आईबाबा, ऑफिस सुटल्यावर स्टेशनवरून थेट येणारे मोठे विद्यार्थी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. या उत्तरांमागे माझा एक आग्रह आहे, तो आधीच सांगते. गिटार हातात घेतल्यापासून पहिल्या महिन्यातच मिडीमध्ये (कॉम्प्युटरवर सूर आणि ठेका लिहून ठेवायच्या पद्धतीत) स्वतःचा ठेका लिहायला लागा आणि रोजचा सराव त्याच ठेक्यावर करा. एखादी कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) चुकली तर गाणारा सांभाळून घेतो, लय सुटली की त्याला थांबावंच लागतं.

पहिली गिटार कुठली घ्यावी?

दहा वर्षांच्या आतलं मूल असेल तर नायलॉन तारांची, तीन-चतुर्थांश आकाराची. मोठ्या माणसाला गाण्यांबरोबर कॉर्ड वाजवायच्या असतील तर स्टील तारांची अकूस्टिक. इलेक्ट्रिकच आवडत असेल तर सरळ इलेक्ट्रिक घ्या. ‘आधी अकूस्टिक शिकावी लागते’ असा काही नियम नाही, उलट इलेक्ट्रिकच्या तारा दाबायला हलक्या असतात.

दुकानात रंग आणि कंपनी बघण्याआधी चार गोष्टी करून बघा. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर (नेकवरच्या, म्हणजे दांड्यावरच्या, आडव्या पट्टीपाशी) वाजवून कुठे खरखर येते का ते ऐका. बाराव्या फ्रेटवर तार नुसती स्पर्श करून हार्मोनिक वाजवा, मग तिथेच दाबून वाजवा. दोन्ही सूर जुळले नाहीत तर पुढच्या फ्रेटांवर गिटार बेसुरी लागणार. नेक डोळ्यासमोर धरून बंदुकीसारखी नेम लावून बघा, वाकडी दिसता कामा नये. आणि बाराव्या फ्रेटवर तार किती उंच आहे ते बघा. स्टीलच्या गिटारला जाड तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर अंतर असेल तर हात सुखाने चालतो. चार-साडेचार असेल तर नवशिक्याची बोटं आठवड्यात हार मानतात, आणि घरचे समजतात की मुलाला आवड नाही. अशा वेळी गिटार बदलू नका, आधी जाणकाराकडून सेटअप करून, म्हणजे तारांची उंची जुळवून घ्या. ठाण्यात मनासारखी मिळाली नाही तर मुंबईत धोबी तलावला फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानात एक चक्कर मारा. एकाच छताखाली बऱ्याच गिटारी हातात धरून बघता येतात.

बोटं दुखतात. किती दिवस?

दोन ते चार आठवडे. रोज थोडं वाजवलं तर बोटांची टोकं घट्ट होतात. आठवड्यातून एकदा दोन तास वाजवलं तर प्रत्येक वेळी पहिल्यापासून दुखतात. बोट फ्रेटच्या पट्टीच्या अगदी मागे ठेवा, मधोमध नको, म्हणजे निम्म्या जोरात सूर स्वच्छ येतो. भांडी घासल्यावर किंवा अंघोळीनंतर लगेच वाजवू नका, कातडी मऊ झालेली असते. स्टीलच्या तारा जाड वाटत असतील तर सगळ्यात बारीक तार ०.०१२ ऐवजी ०.०१० इंचाची असलेला सेट लावा.

मनगटात किंवा कोपरात दुखत असेल तर ते वेगळं. तिथे ‘सहन करा’ असं मी कुणालाच सांगत नाही. थांबा, आणि बसण्याची पद्धत दाखवून घ्या.

साठी उलटली आहे, बोटांचे सांधे कुरकुरतात. जमेल का?

जमेल. गिटार एक पूर्ण स्वर खाली लावा, म्हणजे ई ऐवजी डी. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे एवढ्यानेच ताण सुमारे २० टक्के कमी होतो. मग दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावलात की पट्टी मूळ जागी येते, तारा हलक्या राहतात आणि फ्रेटही जवळजवळ येतात. माझ्याकडे पेन्शनीत आलेले एक काका असेच सुरू झाले. आता नातवाला तेच कॉर्ड दाखवतात.

पावसाळ्यात गिटार बिघडते का?

हो, आणि आपल्याकडे हा प्रश्न बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा आहे. लाकडाला हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के मानवते. ठाण्यात जून ते सप्टेंबर ती कित्येक दिवस ८० च्या वर असते. लाकूड पाणी पितं, वरची फळी फुगते, ब्रिज (फळीवर तारा अडकवलेला भाग) किंचित वर येतो आणि तारा फ्रेटपासून उंच जातात. जुलैत येऊन ‘मॅडम, गिटार अचानक कडक झाली’ म्हणणारे दरवर्षी भेटतात. हात बिघडलेला नसतो, लाकूड बदललेलं असतं.

माझी पहिली गिटार मी दोन पावसाळे बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. त्या भिंतीला ओल यायची. दुसऱ्या वर्षी गणपतीच्या आधी ब्रिज मागच्या बाजूने सुटून उचलला गेला आणि ती गिटार पुन्हा पहिल्यासारखी वाजली नाही. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना आधी गिटार कशी ठेवायची ते शिकवते, कॉर्ड नंतर.

बाहेरच्या भिंतीपासून आणि खिडकीपासून लांब ठेवा. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने तारा पुसा, तारेच्या खालच्या बाजूनेही, कारण घाम आणि दमटपणा मिळून स्टीलला महिन्याभरात गंज आणतात. गिटार केसमध्ये ठेवा आणि आत रंग बदलणारी सिलिका जेल घाला. रंग बदलला की ती सुकवून परत वापरता येते. एक छोटं डिजिटल आर्द्रतामापक केसमध्ये टाकलंत तर अंदाजावर राहावं लागत नाही. एसीच्या खोलीतून थेट दमट गॅलरीत नेऊन लगेच सूर लावू नका, वीस मिनिटं द्या. तारा साधारण तीन महिन्यांनी बदलाव्या लागतात, पावसाळ्यात त्याही आधी.

गाणारी म्हणते ‘काळी दोन’. मी काय वाजवू?

हा आपल्याकडचा खास प्रश्न आहे आणि परदेशी व्हिडिओंत याचं उत्तर सापडत नाही. आपले गाणारे पट्टी हार्मोनियमवरून सांगतात, गिटारवाले इंग्रजी अक्षरांत विचार करतात. हे एकदा पाठ करा: पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, पांढरी सहा ए, काळी पाच ए शार्प, पांढरी सात बी.

आता काळी दोन आली तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून डीच्या आकारात वाजवा, किंवा तिसऱ्या फ्रेटवर लावून सीच्या. काळी एकला पहिल्या फ्रेटवर सीचा आकार. काळी चारला पहिल्या फ्रेटवर जीचा आकार. काळी पाचला पहिल्या फ्रेटवर ए किंवा तिसऱ्यावर जी. पांढरी चार म्हणजे एफ, त्याची भीती वाटत असेल तर तिसऱ्या फ्रेटवर डी. पुरुष गायक बहुधा काळी एक-दोनच्या आसपास गातात, बायका काळी चार-पाचच्या, त्यामुळे एवढ्यावर बऱ्याच मैफली निघून जातात.

मिडीत हेच काम आकड्यांनी होतं. मधला सी म्हणजे ६०, काळी एक ६१, काळी दोन ६३. पांढरी एकमध्ये लिहिलेला ट्रॅक काळी दोनमध्ये न्यायचा तर सगळं निवडून तीनने वर सरकवा. फक्त तबला-ड्रमचा ट्रॅक त्यातून वगळा, नाहीतर ठेक्याच्या जागी भलतीच वाद्यं वाजू लागतील. तिथे प्रत्येक आकडा म्हणजे एक वेगळं वाद्य असतं.

हार्मोनियम शिकलेल्यांना एक वाढीव फायदा आहे. भूप वाजवलात की पाश्चात्त्य मेजर पेंटॅटॉनिक तुमच्या हातात आलीच, स्वर तेच पाच.

तानपुरा लावून वाजवलं तर गंधार थोडा टोचतो. गिटार बेसुरी आहे का?

गिटार बरोबर आहे, कानही बरोबर आहे. फ्रेट समान अंतराच्या बारा स्वरांवर बसवलेले असतात. तानपुऱ्यातून उमटणारा गंधार त्यापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या भागाएवढा. हार्मोनियमवरही हेच होतं. आलापासारखं संथ वाजवताना गंधाराच्या कॉर्ड कमी वापरा आणि नुसता सा-प धरा, छान मिसळतं.

मिडी म्हणजे नेमकं काय? तो आवाज असतो का?

आवाज नसतो. वहीत लिहिलेली स्वरलिपी कानाला ऐकू येत नाही, कुणीतरी वाचून वाजवावी लागते. मिडी तशीच आहे. कुठला सूर, किती जोरात, कधी सुरू, कधी बंद, एवढाच निरोप त्यात असतो. वाजवायचं काम कॉम्प्युटरमधलं किंवा कीबोर्डमधलं वाद्य करतं. म्हणून मिडीची फाइल काही किलोबाइटची असते आणि तीच फाइल सतारीवर लावा, पियानोवर लावा, वाजते.

१९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर, सीक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६, एका केबलने जोडून दाखवले गेले. एकाची पट्टी दाबली की दुसरा वाजला. सीक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांना या कामासाठी २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळाला. त्या केबलवरून सेकंदाला ३१,२५० बिट जातात. एक सूर सुरू करण्याचा निरोप तीन बाइटचा, तो जवळपास १ मिलिसेकंदात पोहोचतो. सोळा चॅनेल, आणि सूर किंवा जोर मोजायला ० ते १२७ असे आकडे. चाळीस वर्षांपूर्वीची ही मांडणी आजही तुमच्या फोनमध्ये तशीच चालते, याचं मला आजही कौतुक वाटतं.

गिटारच्या मोकळ्या तारा या आकड्यांत जाड तारेपासून ४०, ४५, ५०, ५५, ५९, ६४ अशा येतात. एक गोष्ट लक्षात असू द्या: गिटारचं नोटेशन प्रत्यक्ष सुरापेक्षा एक सप्तक वर लिहितात. त्यामुळे कागदावरचं जसंच्या तसं पियानो रोलमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या सूर भरायच्या जाळीत) भरलं तर सगळं एक सप्तक वर वाजतं. शिवाय काही सॉफ्टवेअर मधल्या सीला सी-३ म्हणतात, काही सी-४. नावावर जाऊ नका, आकडा ६० आहे का ते बघा.

मग ठेका लिहायचा कसा?

केहरव्यापासून सुरुवात करा. बोल आहेत धा गे ना ति, न क धि ना. आठ मात्रा म्हणजे ड्रम एडिटरमध्ये आठ घरं. तबल्याचे सँपल, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज, असतील तर उत्तमच. नसतील तर जनरल मिडीचे (सगळीकडे सारखे क्रमांक असलेले) नेहमीचे ड्रम वापरा: डग्ग्याच्या गेसाठी ६४, म्हणजे लो कोंगा, आणि तबल्याच्या नासाठी ६०, म्हणजे हाय बोंगो. जनरल मिडीत तालवाद्यांचं चॅनेल दहावं असतं.

धा म्हणजे दोन्ही हात, म्हणून पहिल्या घरात ६४ आणि ६० दोन्ही. दुसऱ्यात फक्त ६४. तिसऱ्यात ६०. चौथ्यात ६०, पण हलका. पाचव्या घरात ‘खाली’ आहे, म्हणजे तालातली टाळी न देण्याची जागा, तिथे डग्गा गप्प, नुसता ६०. सहाव्यात क, त्यासाठी दबलेला आवाज हवा, ६२ म्हणजे म्यूट कोंगा घ्या. सातव्यात धि, पुन्हा दोन्ही. आठव्यात ६०. ठेका ओळखीचा वाटतो तो डग्ग्यामुळे: पहिल्या अर्धात घुमतो, खालीला नाहीसा होतो, सातव्या मात्रेला परत येतो. पाश्चात्त्य ड्रम लूपवर आपली गाणी परकी वाटतात त्याचं मोठं कारण हेच आहे. त्यात खालीच नसते.

मग जोर. पहिली मात्रा ११० च्या आसपास, तिसरी ८५, चौथी ५५, पाचवी ७५, असं प्रत्येक घराला वेगळं द्या. सगळे आकडे १०० ठेवले तर शिवणयंत्र चालल्यासारखं वाटतं. एक-दोन ठोके ग्रिडपासून (एडिटरमधल्या घरांच्या रेघांपासून) जरासे मागे सरकवून बघा, पण पहिली मात्रा ग्रिडवरच राहू द्या.

केहरवा बसला की दादरा लिहा, सहा मात्रा: धा धी ना, धा ती ना. दादऱ्यात डाऊन-अप स्ट्रमिंग सरळ बसत नाही. दर तीन मात्रांना पहिला फटका वरून खाली जोरात, उरलेले दोन हलके, असं करून बघा. आधी मिनिटाला ६० मात्रांच्या वेगाने. हात न अडखळता दोन मिनिटं वाजवलंत तर ५ ने वाढवा.

ठेका चालू ठेवून फोनवरच गिटार रेकॉर्ड करा आणि लाटांचं चित्र ग्रिडशेजारी ठेवून बघा. कॉर्ड बदलायच्या आधी तुम्ही घाई करता की उशीर, ते तिथे दिसतं. बहुतेक जण घाई करतात. दहावीतली एक मुलगी मला महिनाभर सांगत होती की ठेकाच मागे पडतो. हे चित्र दाखवल्यावर तिने आठवड्यात स्वतःच सुधारणा केली, मला एक शब्द जास्त बोलावा लागला नाही.

रोज किती वेळ? लोकलच्या प्रवासातच दोन तास जातात.

वीस मिनिटं रोज. त्यातली पाच मिनिटं दोनच कॉर्ड बदलायला: एका मिनिटात किती वेळा स्वच्छ बदलता ते मोजा आणि तारीख घालून वहीत लिहा. ई मायनर, जी, डी, सी एवढ्या चारांवर भरपूर गाणी होतात. एफचा पूर्ण बार (एका बोटाने सगळ्या तारा दाबणं) पहिल्या महिन्यात लादू नका, बारीक चार तारांचा छोटा एफ पुरतो.

प्रवास वाया जात नाही. कानात हेडफोन घालून आपलाच ठेका ऐका आणि मांडीवर खाली कुठे येते ते बोटाने दाखवा. ठाण्याहून वाशीला ट्रान्स-हार्बरने जाणारी माझी एक विद्यार्थिनी ऐरोली ते तुर्भे रूपकाच्या सात मात्रा मोजत असते.

गिटार थेट कॉम्प्युटरला जोडली की मिडी तयार होते का?

नाही. ऑडिओ इंटरफेसमधून (गिटारचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या डबीतून) आवाज रेकॉर्ड होतो, मिडी नाही. आवाजाचं मिडीत रूपांतर करणारे खास पिकअप आणि सॉफ्टवेअर असतात, पण त्यांची एक अडचण निसर्गनियमातच आहे. जाड ई तारेचं एक कंपन १२ मिलिसेकंदांचं असतं. सूर ओळखायला निदान एक-दोन कंपनं ऐकावी लागतात, म्हणून खालच्या तारांवर उशीर होतोच. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. पंचवीस पट्ट्यांचा छोटा मिडी कीबोर्ड घ्या. त्याला स्वतःचा आवाज नसतो हे आईबाबांना घेण्याआधीच सांगून ठेवा.

वाजवलं की आवाज उशिरा येतो. लॅपटॉप बदलू का?

आधी ब्लूटूथ हेडफोन काढा आणि वायरचे लावा. निम्म्या तक्रारी इथेच संपतात. मग सेटिंगमध्ये बफर, म्हणजे कॉम्प्युटर आवाजाचा जो तुकडा साठवून मग पुढे सोडतो तो, बघा. ४४,१०० च्या दराने ५१२ सँपलचा बफर म्हणजे ११.६ मिलिसेकंद, २५६ चा ५.८, १२८ चा २.९. विंडोज असेल तर इंटरफेसचा एएसआयओ ड्रायव्हर निवडा. वाजवताना बफर कमी, मिक्स करताना जास्त. हवेत आवाज १० मिलिसेकंदांत साडेतीन मीटरच्या आसपास जातो, म्हणजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या स्पीकरएवढा उशीर. तेवढा हात सहज सांभाळून घेतो.

फुकट सॉफ्टवेअर?

आयफोन, आयपॅड किंवा मॅक असेल तर गॅरेजबँड. विंडोजवर एलएमएमएस. नोटेशन लिहायला म्यूझस्कोर. रीपर ६० दिवस वापरून बघता येतो, त्यानंतर परवाना विकत घ्यायचा असतो, तो घ्या. एकच निवडा आणि सहा महिने बदलू नका.

मींड मिडीत आणता येते?

येते, पिच बेंडने, म्हणजे सूर न तोडता वर-खाली सरकवणाऱ्या निरोपाने. त्याला १६,३८४ पायऱ्या असतात, त्यामुळे सूर गुळगुळीत सरकतो. पण नेहमीची मर्यादा वर-खाली दोनच अर्धस्वरांची असते. सा ते प मींड घ्यायची तर सात लागतात. वाद्याच्या सेटिंगमध्ये मर्यादा १२ करा. गिटारवर मात्र मींड आधी बोटाने शिका. तार ओढून रे चा ग करा, दोन फ्रेट पुढचा खरा ग वाजवून ताडून बघा. कान तयार झाल्याशिवाय पियानो रोलमध्ये काढलेली रेघ घसरगुंडीसारखीच ऐकू येते.

नेटवरच्या मिडी फाइल सरावाला चालतील?

चालतील. गिटारचा ट्रॅक बंद करा, वेग ७० टक्क्यांवर आणा, पट्टी बदलत नाही आणि आवाज फाटत नाही. पण चाल कुणाची तरी असते. आपल्या कायद्यात संगीतरचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, आणि मिडी तुम्ही स्वतः टाइप केली म्हणून तो संपत नाही. घरी सराव करा, परवानगीशिवाय कमाईसाठी वापरू नका.

शिक्षक हवेत की व्हिडिओ पुरतात?

पहिले तीन महिने माणूस हवा. मनगट वाकडं आहे हे व्हिडिओ सांगत नाही. पुढे दोन्ही.

सोसायटीच्या गणपतीत मिडी ट्रॅकवर गिटार वाजवायची आहे. काय तयारी करू?

तारा दोन-तीन दिवस आधी बदला, त्याच दिवशी नको, नव्या तारा ताणल्या जाऊन सूर उतरतो. गिटारला पिकअप असेल तर आत बहुधा नऊ व्होल्टची बॅटरी असते, नवीन घाला आणि एक खिशात ठेवा. ट्रॅक सॉफ्टवेअरमधून लाइव्ह वाजवू नका, वेव्ह फाइल करून फोन आणि पेनड्राइव्ह दोन्हींवर घ्या. फोन एअरप्लेन मोडवर. ध्वनिव्यवस्थावाल्याकडे बहुतेक वेळा एकच वायर मिळते, म्हणून आधीच असं करा: उजव्या बाजूला संगीत, डाव्या बाजूला फक्त क्लिक, म्हणजे मात्रांची टिकटिक. उजवी बाजू स्पीकरला, डावी तुमच्या कानाला. सुरुवातीला आठ मात्रा मोकळ्या सोडा म्हणजे उडी चुकत नाही. पावसाची सर आली तर मांडवाच्या कडेला बसू नका, आणि कार्यक्रम दहाच्या आत संपेल असाच तीन गाण्यांचा क्रम लावा, खास सवलत दिलेले दिवस सोडले तर त्यानंतर लाउडस्पीकर बंद करावाच लागतो.